पाण्याची वाट आणि घराची निगा

घर बांधून झाले की ते पूर्ण झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः घराचे आयुष्य तेव्हा कोठे सुरू होते. ऊन, वारा, पाऊस, वाळवी आणि माणसाचा रोजचा वावर यांना तोंड देत ते घर वर्षानुवर्षे उभे राहायचे असते. या सर्वांत घराची झीज सर्वाधिक करणारी शक्ती म्हणजे पाणी. आणि गंमत अशी की, घराभोवतीच्या बागेला सर्वाधिक गरज असते तीही पाण्याचीच. जे पाणी भिंतीत शिरून गिलावा फुगवते, तेच चार हात अंतरावर नेऊन सोडले तर केळीला घड आणते. म्हणून घराची डागडुजी आणि परसबागेची जोपासना ही दोन निरनिराळी कामे नसून एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. घराजवळ येणारे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे प्रथम पाहावे, त्याला योग्य वाट करून द्यावी, आणि मगच रंग, फरशी, फुलझाडे यांच्याकडे वळावे, हेच या प्रकरणाचे मुख्य सूत्र आहे.

हा क्रम उलटा केल्याने होणारे नुकसान घरोघरी पाहावयास मिळते. सणासुदीच्या आधी भिंतीवरील डाग झाकण्यासाठी नवा रंग दिला जातो. पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा उमटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि दोष मात्र रंगाला किंवा रंगाऱ्याला दिला जातो. पैसा जातो तो जातोच, पण त्याहूनही गंभीर गोष्ट अशी की, ओल आतल्या आत आपले काम करीत राहते. छताच्या काँक्रीटमधील लोखंडी सळ्या गंजतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागत असल्याने काँक्रीटला तडे जाऊन त्याचे पोपडे खाली पडू लागतात. मातीच्या भिंती तर भिजून बसतातच. पावसाळ्यात भिंत कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचनात येतात. अशा भिंतींपैकी पुष्कळांनी फुगवट्याच्या, तड्याच्या किंवा ओलीच्या रूपाने आधी सूचना दिलेली असते.

ओल कोठून येते?

ओल दिसताच उपाय शोधण्यापूर्वी तिचे मूळ शोधावे. घरात पाणी चार मार्गांनी शिरते : वरून, बाजूने, खालून आणि घरातल्याच नळांतून.

वरून येणारी ओल छतावर किंवा भिंतीच्या माथ्याशी डागाच्या रूपाने दिसते आणि पाऊस पडल्यानंतर काही तासांत वा दिवसांत वाढते. बाजूने येणारी ओल पावसाचा मारा ज्या दिशेने होतो त्याच भिंतीवर, विशेषतः खिडकीच्या कोपऱ्यांशी आणि तड्यांच्या रेषेत आढळते. खालून चढणारी ओल मात्र ऋतूची फारशी पर्वा करीत नाही. दिव्याच्या वातीतून तेल वर चढावे तसे जमिनीतील पाणी विटांच्या आणि चुन्या-सिमेंटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते व सामान्यतः जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत आडवा, ओबडधोबड पट्टा उमटविते. या पाण्याबरोबर मातीतील क्षारही येतात. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. चौथ्या प्रकारची ओल, म्हणजे फुटलेल्या नळाची, बारमाही असते व न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर यांच्या पाठीमागच्या भिंतीवर एकाच जागी दिसते.

संशय असल्यास एक सोपी परीक्षा करता येते. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा ओलसर भिंतीवर ठेवून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दोन दिवसांनी पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूस, म्हणजे भिंतीकडे, दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. थेंब बाहेरच्या बाजूस असतील तर खोलीतील दमट हवेतील बाष्प गार पृष्ठभागावर जमत आहे. या दुसऱ्या दोषावर गवंड्याचे काम नाही. खिडकी उघडी ठेवणे आणि स्वयंपाकघरातील वाफेला बाहेर जाण्यास झरोका देणे एवढेच पुरते.

गच्ची, पन्हळी आणि वळचण

सपाट गच्चीचे आरोग्य तिच्या उतारावर अवलंबून असते. गच्चीला दर मीटरमागे एक सेंटिमीटर तरी उतार हवा. भरपूर पावसाच्या प्रदेशात तो दीड ते दोन सेंटिमीटर असलेला बरा. उतार तपासण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. गवंडी वापरतात ती पारदर्शक रबरी नळी पाण्याने भरावी. तिच्या दोन्ही टोकांतील पाणी नेहमी एकाच पातळीवर राहते. ते टोक गच्चीच्या दोन कडांशी धरून पाण्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले की उताराची अचूक कल्पना येते. नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही, एवढे मात्र पाहावे.

गच्चीवरील पाणी वाहून नेणाऱ्या नळाचे तोंड पालापाचोळ्याने बुजल्यास काय होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर दहा सेंटिमीटर पाणी तुंबले तर ते पाच हजार लिटर, म्हणजे पाच टन होते. हा भार छताने विनाकारण सोसायचा, आणि शिवाय प्रत्येक बारीक तड्यातून ते पाणी आत झिरपायचे! मूठभर पाने वेळीच उचलली तर हे सारे टळते. म्हणून पावसापूर्वी एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला नळाचे तोंड साफ करणे हे घराच्या निगेतील सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाचे काम होय.

गच्चीचा कोबा आणि कठड्याची भिंत जेथे मिळतात तो सांधा विशेष नाजूक असतो. तेथे काटकोन न ठेवता सिमेंटची गोलाई करावी, म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबत नाही. बारीक तडा बुजविताना वरवर सिमेंट फासू नये. तडा छिन्नीने खोलून, धूळ झाडून, पाण्याने ओला करून मग भरावा. भरलेले सिमेंट निदान सात दिवस ओले ठेवावे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. उन्हात लवकर सुकलेले सिमेंट कमकुवत राहते आणि पुन्हा तडकते, त्याचे कारण हेच.

उतरत्या छपरांच्या प्रदेशात आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न रुंद वळचणीने सोडविला होता. कोकण, गोवा, केरळ, आसाम येथील जुन्या घरांची छपरे भिंतीच्या बरीच पुढे आलेली असतात. त्यामुळे पागोळ्या भिंतीवर न पडता अंगणात पडतात. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे आडोसे बांधण्याची आणि मृगापूर्वी छपराची शाकारणी करण्याची कोकणातील चाल याच अनुभवातून आलेली आहे. १९४५ मध्ये भारतात आलेले व पुढे तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आपल्या अल्पखर्चाच्या घरांत पुढे आलेल्या छपराचे हे तत्त्व आग्रहाने सांभाळले. नव्या घरात वळचण नसेल तर खिडक्यांवर पुरेशी पुढे आलेली छज्जी घालावी, व छज्जीच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची खाच ठेवावी. त्या खाचेशी पाणी तुटून खाली पडते, भिंतीपर्यंत मागे सरकत नाही.

भिंतीला श्वास घेऊ द्यावा

जुन्या, चुन्यात बांधलेल्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा देण्याची चूक सर्वत्र होते. सिमेंटचा थर वरून पाण्याला अटकाव करतो, पण खालून चढलेल्या ओलीलाही बाहेर पडू देत नाही. कोंडलेली ओल मग आणखी उंच चढते आणि शेवटी गिलावा भिंतीसकट सुटून येतो. अशा भिंतींना चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदीच मानवते, कारण चुना सच्छिद्र असतो.

चुन्याचे कार्य मोठे मनोरंजक आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियस तापमानाला भाजली की तिच्यातील कार्बन डायॉक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदून फुलतो व मोठी उष्णता बाहेर पडते. हा विरवलेला चुना भिंतीवर लावल्यानंतर हवेतील कार्बन डायॉक्साइड हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा मूळच्या चुनखडीसारखा होतो. म्हणजे सफेदी दिलेली भिंत ही एका अर्थाने दगडाचाच पातळ थर ल्यालेली असते. ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे बुरशीलाही काही काळ आळा बसतो.

सफेदी घरच्या घरी करता येते. एक किलो कळीच्या चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी घ्यावे. चुना थोडाथोडा पाण्यात सोडावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. मिश्रण एक दिवस ठेवून जाड कापडातून गाळावे, त्यात थोडा विरघळविलेला डिंक आणि किंचित नीळ घालावी. भिंत खरवडून, झाडून, पाण्याने दमट करून पातळ असे तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास तो तडकून गळतो. भांडे ॲल्युमिनियमचे नसावे, कारण चुना त्या धातूला खातो.

येथे एक इशारा देणे अत्यंत आवश्यक आहे. चुना डोळ्यांत गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. चुना विरवताना आणि छताला सफेदी देताना डोळ्यांवर बंद चष्मा आणि हातांत मोजे असावेत, आणि लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये. दुर्दैवाने चुना डोळ्यांत उडालाच तर डोळा न चोळता, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे.

अंगणाचा उतार आणि झाडांची जागा

भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू न देणे हा खालून चढणाऱ्या ओलीवरील पहिला उपाय होय. घराभोवतीची जमीन घराकडून बाहेर उतरती असावी. नवे बांधकाम करताना जोत्यावर घट्ट काँक्रीटचा ओलरोधक थर घालतात. परंतु पुढे हौसेने भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला आणि त्याची माती या थराच्या वर चढली की तो थर असून नसल्यासारखा होतो. वाफ्याची माती ओलरोधक थराच्या निदान पंधरा सेंटिमीटर खाली ठेवावी. त्याहून उत्तम म्हणजे भिंत आणि वाफा यांच्यामध्ये फरसबंदीचा उतरता पट्टा सोडावा.

दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीत अधिक सावधगिरी लागते. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. पायाच्या एका बाजूस रोज बागेचे पाणी मुरत राहिले व दुसरी बाजू कोरडी राहिली तर पाया असमान हलून भिंतीला तिरपे तडे जातात. अशा जमिनीत पायाजवळ शोषखड्डा घेऊ नये आणि मोठ्या झाडांची जागाही दूर ठेवावी. भिंतीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ वा वड उगवला असेल तर तो दोन पानांचा असतानाच मुळासकट काढावा. मुळे बांधकामात शिरल्यावर तो काढताना भिंतीचेच दगड निघून येतात.

स्वयंपाकघराचे आणि न्हाणीचे सांडपाणी उघड्या गटारात सोडण्याऐवजी परसात फिरविता येते. केळ, कर्दळ आणि अळू यांना सतत ओल मानवते. अळवाची पाने मात्र नीट शिजवूनच खावीत. सांडपाण्यातील साबणामुळे माती हळूहळू खारट होऊ नये म्हणून अधूनमधून स्वच्छ पाणी द्यावे, आणि कच्च्या खावयाच्या पालेभाज्यांना हे पाणी कधीच घालू नये. पाणी जमिनीवर उघडे थांबता कामा नये. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ सुमारे आठ ते दहा दिवसांत होते. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या, जुनी डबडी, टायर आणि पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करण्याचा नेम ठेवल्यास ही साखळी तुटते.

बागेतील पालापाचोळा जाळण्याऐवजी त्याचे खत करावे. यासंबंधीची जगभर गाजलेली पद्धत आपल्याच देशात, इंदूर येथे सिद्ध झाली. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथील प्रयोग १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कोरडा पाला, हिरवा कचरा, शेण आणि थोडी माती व राख यांचे थर एकावर एक देऊन, ते ओलसर ठेवून, ठराविक दिवसांनी उलथापालथ केली असता सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, निर्गंध खत तयार होते. उन्हाळ्यात खड्डा सोयीचा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरून कचरा सडतो, म्हणून जमिनीवर ढीग करावा. हा ढीगही भिंतीला टेकून नको, कारण ओलसर कचरा वाळवीला आमंत्रण देतो.

गच्चीवरील बाग

शहरांत अंगण नसल्याने गच्चीवर बाग करण्याची हौस वाढली आहे. ती स्तुत्य असली तरी वजनाचा विचार केल्याशिवाय तिच्यात पडू नये. लोकांनी वावरण्याजोग्या गच्चीसाठी भारतीय मानकांत दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम एवढा वापराचा भार धरलेला आहे. ओल्या मातीचे वजन मात्र घनमीटरला पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे अवघा पंधरा सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर दर चौरस मीटरला अडीचशे ते तीनशे किलोग्रॅम भार टाकतो. छताची जी मर्यादा धरली होती तिच्या हा जवळजवळ दुप्पट आहे. म्हणून गच्चीवर माती पसरून वाफे करू नयेत. वाळलेला पाला, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण वापरावे. कुंड्या खालच्या भिंतींच्या व तुळयांच्या रेषेत, कठड्यालगत मांडाव्यात. प्रत्येक कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे खालून पाणी वाहते आणि कोबा वाळतो. जुन्या इमारतीत अभियंत्याच्या सल्ल्यावाचून हा उद्योग आरंभू नये.

छपरावरचे पाणी घरात

पाण्याला वाट करून देणे म्हणजे ते फुकट दवडणे नव्हे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला एक हजार मिलिमीटर पाऊस झाला तर पन्नास हजार लिटर पाणी पडते. त्यातले पाचव्या हिश्शाइतके वाया गेले असे धरले तरी चाळीस हजार लिटर उरते.

वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न होणाऱ्या जैसलमेरच्या परिसरात लोकांनी टाक्यांत पावसाचे पाणी साठवून पिढ्यान्‌पिढ्या काढल्या. अहमदाबादच्या जुन्या पोळांतील घरांच्या चौकाखाली अशीच टाकी असत व त्यांतील पाणी पिण्यासाठी राखून ठेवीत. तामिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजलसंधारण सक्तीचे केले. तत्त्व सर्वत्र एकच आहे : पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी छपराची धूळ वाहून नेण्यास सोडून द्यावे, नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत घ्यावे, आणि टाकीचे तोंड डासांना व उजेडाला बंद ठेवावे. साठवणीस जागा नसेल तर तेच पाणी गाळून विहिरीत किंवा कूपनलिकेजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडावे. हा खड्डा भिंतीपासून निदान तीन मीटर दूर हवा. सांडपाणी मात्र त्यात चुकूनही जाऊ देऊ नये.

कामांचा क्रम

भारतासारख्या विस्तीर्ण देशात या कामांचे एकच वेळापत्रक असू शकत नाही. केरळात नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या आरंभी येतो, म्हणून तेथील व कोकणातील छपरांची कामे मेच्या मध्यापर्यंत उरकली पाहिजेत. चेन्नईत वर्षातील बहुतांश पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तेथे सप्टेंबर हा दुरुस्तीचा महिना. काश्मीरमध्ये बर्फ पडण्यापूर्वीच छपरे पाहून घ्यावी लागतात. परंतु क्रम सर्वत्र सारखाच आहे. आधी छप्पर व गच्ची, मग पन्हळी व नळ, मग भिंतींचे तडे, नंतर अंगणाचा उतार व निचरा, आणि पावसाळा संपून भिंती पूर्ण वाळल्यावर सफेदी अथवा रंग. रोपे लावण्याचे काम मात्र पावसाच्या आरंभी करावे.

यांपैकी पुष्कळशी कामे घरच्या माणसांना सुटीच्या दिवशी करता येतात. काही कामांना हात लावू नये. भार पेलणारी भिंत फोडणे, उंच भिंतीच्या बाहेरून परातीवर चढणे आणि विजेच्या तारांशी खेळणे ही त्या-त्या कारागिराची कामे आहेत. ओल्या भिंतीतील बटणाला हात लावल्यावर झिणझिणी आली तर मुख्य बटण बंद करून वीजतंत्रज्ञाला बोलवावे. तो येईपर्यंत ते बटण पुन्हा चालू करू नये.

भर पावसात छत्री घेऊन एकदा घराभोवती फेरी मारावी. कोणत्या नळातून पाणी येत नाही, कोठे डबके साचते, कोणत्या भिंतीवर पाण्याची धार लागते, हे त्या अर्ध्या तासात जितके कळते तितके कोरड्या ऋतूत महिनाभर पाहूनही कळत नाही. जे दिसेल ते वहीत टिपून ठेवावे. पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीची यादी त्या वहीतच तयार झालेली असेल.